लाँचला बस थांबते, रेल्वेला का नाही? अलिबागचे प्रकरण

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्यालय. जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा न्यायालय, सिव्हिल हॉस्पिटल सगळे इथे आहे. प्रवासी रेल्वे मात्र नाही. २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढली, ती एकीकडे पालघरपर्यंत आणि दुसरीकडे अलिबागपर्यंत सरकली, आणि प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर झाले. कागदोपत्री आता पेण, पोयनाड, अलिबाग सगळे महानगरात मोडतात. पण पोयनाडच्या एखाद्या मावशींना परळच्या हॉस्पिटलात सकाळचा नंबर गाठायचा असेल, तर त्या आदल्या दिवशीच भांडुपच्या भाचीकडे मुक्कामाला जातात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपासचे, पण मधले जोड इतके बेभरवशाचे की मुक्काम हाच त्यातला खात्रीचा भाग.

अलिबागहून मुंबई गाठायच्या वाटा मुख्यतः चार. मांडव्याहून समुद्रमार्गे, पेणला रेल्वे पकडून, पनवेलपर्यंत एसटी आणि पुढे लोकल, किंवा रेवसहून खाडी ओलांडून करंजा आणि पुढे उरणची लोकल. चारही वाटांवर किमान एकदा वाहन बदलावे लागते. यातल्या एकाच वाटेवर हा बदल प्रवाशाला जवळजवळ जाणवत नाही, आणि ती वाट कोणत्याही सरकारी योजनेतून आलेली नाही.

मांडव्याची बस

गेटवे ते मांडवा हा प्रवास साधारण तासाभराचा. मांडवा म्हणजे धक्का. तिथे उतरून लगेच कुठे पोचलो असे होत नाही, अलिबाग पुढे वीसेक किलोमीटर राहते. म्हणून पीएनपीसारख्या कंपन्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. बोट लागली की बस उभी असते. बोटीला उशीर झाला तर बसलाही उशीर होतो. बसचे वेगळे वेळापत्रक असते हे बहुतेक प्रवाशांना ठाऊकही नसते, कारण ते ठाऊक असण्याची गरज पडत नाही. परतीला अलिबागहून बस किती वाजता सुटणार हे बोटीच्या वेळेवरून मागे मोजून ठरते.

यात ना कुठले प्राधिकरण आहे, ना कार्ड, ना ॲप. तरीही वाहतूकशास्त्रात ज्याला एकात्मिक सेवा म्हणतात ती हीच: एक तिकीट, जुळलेली वेळ, एकाच जागी बदल. कारण साधे आहे. बस नसेल तर बोटीचे तिकीटच खपणार नाही. मांडव्याला उतरलेला माणूस ताटकळला तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर जातो. जोड चुकला तर नुकसान कंपनीचे होते, म्हणून कंपनी तो चुकू देत नाही. शिवाय बोटीत किती माणसे बसली हे ती सुटतानाच कळलेले असते, त्यामुळे धक्क्यावर एक बस लावायची की दोन, हे ठरवायला हाताशी तासभर असतो.

ही वाट सगळ्यांना परवडणारी नाही, हेही सांगायला हवे. तिच्यावर एसटीच्या सवलती चालत नाहीत. पोयनाड, वडखळकडच्या माणसाला मांडवा म्हणजे उलटा फेरा. आणि पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा, जूनपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, गेटवे-मांडवा लाँच बंदच असतात. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो, म्हणजे मोटारीही नेणारी मोठी बोट, हवामान बघून पावसातही चालते, पण ती लागते भाऊच्या धक्क्याला, आणि तिथून डॉकयार्ड रोड स्टेशन गाठणे हा आणखी एक जोड. म्हणजे जिल्ह्यातली सगळ्यात नेटकी जुळवणी वर्षातले तीन महिने सुट्टीवर असते, तीही नेमकी ज्या महिन्यांत वडखळच्या रस्त्याला खड्डे पडतात तेव्हा.

पेणला काय अडते

पेण स्टेशन अलिबागपासून साधारण तीस किलोमीटर. नकाशा बघितला तर अलिबागचे स्वाभाविक स्टेशन हेच. लोक सरसकट 'कोकण रेल्वे' म्हणतात, पण पेण मध्य रेल्वेवर येते. कोकण रेल्वे महामंडळाची हद्द रोह्याच्या पुढे सुरू होते. २६ जानेवारी १९९८ रोजी ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली, आणि रोह्यापर्यंतची लाईन त्याच्या आधीपासूनच होती. पनवेल सोडले की सोमाटणे, रसायनी, आपटे, जिते, हमरापूर आणि मग पेण. हमरापूरच्या कारखान्यांतले गणपती सातासमुद्रापार जातात. तिथला माणूस मात्र ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनला वेळेत पोचेलच असे नाही.

या मार्गावर दिवा किंवा पनवेलकडे जाणाऱ्या साध्या गाड्या, म्हणजे मेमू आणि पॅसेंजर, दिवसभरात मोजक्याच. पूर्वी दादरपर्यंत जाणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यालाच संपू लागली, त्यामुळे ज्यांना थेट दादर मिळत होते त्यांनाही एक बदल वाढला. लाईन मोकळी नाही. कोकणात जाणाऱ्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या, आणि त्यांना वाट देण्यासाठी बाजूला थांबलेली मेमू. अशा गाडीला वेळेवर येण्याची हौस कितीही असली तरी ती तिच्या हातात नसते.

आता एसटीच्या बाजूने बघू. पेणचा एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन एकमेकांना लागून नाहीत, मध्ये रिक्षा करावी लागते. अलिबागहून येणारी गाडी स्टँडला येते आणि पनवेलकडे निघून जाते. एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय पेणमध्येच, रामवाडीला आहे, तेव्हा 'त्यांना इथली अडचण दिसत नाही' असे म्हणण्यात अर्थ नाही. अडचण दिसते, पण ज्या आकड्यांवर आगार चालते त्यांत ती कुठेच नोंदली जात नाही.

आगारात फेरीचा हिशेब दोन गोष्टींनी होतो: भारमान, म्हणजे गाडीच्या किती जागा भरल्या, आणि प्रति किलोमीटर उत्पन्न. अलिबाग ते पेण स्टेशन अशी तीस किलोमीटरची फेरी सकाळी जाताना भरेल, परत येताना निम्मी रिकामी. तीच गाडी, तोच चालक-वाहक थेट पनवेल किंवा मुंबईला पाठवले तर दोन्ही बाजूंनी माणसे मिळतात. रेल्वेला प्रवासी आणून देणे म्हणजे एसटीच्या दृष्टीने लांब पल्ल्याचे गिऱ्हाईक अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हवाली करणे.

आणि गाडी थांबवून धरायची म्हटले तर? समजा मेमू चाळीस मिनिटे उशिरा आली. तिच्यासाठी एसटी उभी राहिली की त्याच गाडीची पुढची रेवदंडा फेरी चाळीस मिनिटांनी लांबते आणि त्या फेरीवर अवलंबून असलेली शाळेची मुले रस्त्यात उभी राहतात. चालकाची ड्युटी वाढते, ओव्हरटाइमचा प्रश्न येतो. वाहतूक नियंत्रक गाडी सोडून देतो, ते त्याच्या जागी बरोबरच असते. रेल्वेकडे बघावे तर मुंबई उपनगरी सेवेच्या रोजच्या लाखो प्रवाशांपुढे पेणला एसटी चुकलेली माणसे हिशेबात धरण्याइतकीही नसतात. जोड चुकला तर एसटीचे काही जात नाही आणि रेल्वेचेही काही जात नाही. जाते ते फक्त मावशींचे. मांडवा आणि पेण यांतला सगळा फरक एवढाच.

'समन्वयाचा अभाव' हा शब्द अशा प्रत्येक अहवालात वाचायला मिळतो. मला तो फसवा वाटतो. त्यातून असे सूचित होते की दोन्ही बाजूंचे साहेब एकदा चहाला बसले की काम होईल. ते बसले तरी दुसऱ्या दिवशी दोघांच्या टेबलावर आपापलेच आकडे असणार.

सवलतींचा पेच

एकच तिकीट का नाही, याला आणखी एक पदर आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. या सवलतीची भरपाई राज्य सरकार एसटीला देते. रेल्वे केंद्राची. तिने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती थांबलीच, पण तिचा मासिक पास मुळातच स्वस्त. एसटीचा मासिक पास म्हणजे २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास. लाँचवर यातले काहीच नाही.

आता अलिबाग ते मुंबई असे एक तिकीट काढायचे ठरवा. महिलेला सवलत कोणत्या टप्प्यापर्यंत? तिचे पैसे मंत्रालय कोणाला देणार? आज तिला वाहन बदलले की प्रत्येक ठिकाणी पहिल्या टप्प्याचे भाडे नव्याने भरावे लागते. ते वाचवायचे तर कोणाचे तरी उत्पन्न तेवढे कमी होणार. त्याची भरपाई कोणाच्या खिशातून करायची, हे ठरल्याशिवाय कार्डाचा रंग ठरवून उपयोग नाही.

हॅम्बुर्गने १९६५ मध्ये नेमका हा प्रश्न आधी सोडवला. शहरातली रेल्वे, भुयारी गाड्या, बस चालवणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांचा एक संघ केला. सगळ्या तिकिटांचा पैसा एका गल्ल्यात जमा करायचा आणि ठरलेल्या सूत्राने वाटून घ्यायचा. एकदा गल्ला एक झाला की प्रवासी बसने गेला की रेल्वेने, यावरून भांडायचे कारण उरत नाही. बंदरातल्या फेरीबोटीही त्याच तिकिटावर चालतात. झ्युरिकने १९९० मध्ये असाच संघ उभा केला. तिथे तोटा झाला तर निम्मा प्रांत भरतो आणि निम्म्यात गावे वाटेकरी होतात. गावाने पैसे मोजलेले असल्यामुळे गावाला बस कधी येते हे विचारायचा हक्क मिळतो.

इतक्या लांब जायला नको असेल तर आपल्याच किनाऱ्यावर खाली कोची आहे. केरळने २०१९ मध्ये महानगर वाहतूक प्राधिकरणाचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी कोचीत ते प्राधिकरण स्थापन झाले. एप्रिल २०२३ मध्ये तिथली वॉटर मेट्रो सुरू झाली, तिला आणि मेट्रो रेल्वेला एकच कार्ड चालते. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही, पण बोट हे वाहतुकीचे साधन आहे, पर्यटनाचे नव्हे, हे तिथे शासनाने मान्य केले आहे. आपल्याकडे मांडव्याच्या बोटीकडे अजूनही शनिवार-रविवारच्या गर्दीच्या नजरेने बघितले जाते.

मुंबईतही एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरणाची, म्हणजे सगळ्या वाहतूक सेवांवरच्या एका संस्थेची, चर्चा जुनी आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने ते सुचवले, २०१७ च्या मेट्रो धोरणाने ते बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' हे ॲप आले, त्यात सुरुवातीलाच अकरा वाहतूक सेवा जोडल्या गेल्या: उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरच्या बस. या अकरांत एसटी नव्हती आणि लाँचही नव्हती. म्हणजे महानगर प्रदेशाची हद्द अलिबागपर्यंत आली, त्याचे तिकीट मात्र पनवेललाच थांबले.

पनवेल आणि उरण

पोयनाडच्या मावशी पेणला रेल्वे पकडत नाहीत हे आता लक्षात आले असेल. त्या एसटीने पनवेलला जातात. अलिबाग-पनवेल विनावाहक, विनाथांबा गाडी ही या पट्ट्यातली खरी जीवनवाहिनी. पनवेलला हार्बरची लोकल आहे, ठाण्याची लोकल आहे. एक चुकली तर थोड्या वेळात दुसरी येते. म्हणून तिथे वेळापत्रक जुळवायची गरजच नाही. लोकल दर १२ मिनिटांनी असेल तर प्रवासी सरासरी ६ मिनिटे थांबतो, एसटी कधीही येवो. गाडी दर दोन तासांनी असेल तर न जुळवलेल्या जोडात सरासरी एक तास जातो आणि नशीब वाईट असेल तर दोन. पनवेलला उणीव आहे ती वेगळी: एसटी स्टँड आणि स्टेशन यांच्यामधले साधारण किलोमीटरभर अंतर पिशव्या घेऊन, पावसात, गाड्या चुकवत कापावे लागते. तिथे लागतो तो छप्पर असलेला पदपथ. पेणला लागते ते वेळापत्रक. दोन्ही ठिकाणी एकच 'मल्टिमोडल हब'चा आराखडा चिकटवला तर पैसे जातील आणि दोन्हीकडची अडचण तशीच राहील.

पनवेलच्या वाटेतला कळीचा नारद म्हणजे वडखळ. मुंबई-गोवा महामार्ग आणि अलिबाग रस्ता इथे भेटतात, डोलवीच्या कारखान्याचे ट्रक आहेत, आणि शुक्रवारी संध्याकाळपासून पर्यटकांच्या मोटारी. अलिबागची एसटी पनवेलला किती वाजता पोचेल हे सोमवारी सांगता येते, शनिवारी नाही.

चौथी वाट उरणची. जानेवारी २०२४ मध्ये नेरूळ-बेलापूरहून येणारी लोकल खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत आली. उरणजवळच्या करंजाहून धरमतर खाडीचे तोंड ओलांडले की समोर रेवस, आणि रेवसहून अलिबागला एसटी. नकाशावर ही वाट फार देखणी. पण रेवस बंदरात गाळ साचतो आणि ओहोटीला लाँच लागायला पाणी पुरत नाही. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. कोळी लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: पंचमीला पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. लोकल चालते घड्याळावर आणि लाँच चालते तिथीवर. या दोघांचे छापील वेळापत्रक कोणी जुळवून दाखवले तर त्याचा सत्कारच करायला हवा. इथे पहिला उपाय आहे गाळ काढणे, बाकी सगळे त्याच्या नंतर.

सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी

पेणपुरते बोलायचे तर सगळ्या गाड्या जुळवायचा हट्ट सोडावा. नोकरदार, विद्यार्थी आणि रुग्ण यांना लागणाऱ्या दोनच गाड्या निवडाव्यात: सकाळची पनवेल-दिव्याकडे जाणारी एक आणि संध्याकाळी परत येणारी एक.

या दोन जोडांचे स्वभाव वेगळे आहेत. सकाळी एसटीने रेल्वेच्या आधी पोचायचे असते. बस वीस मिनिटे आधी सोडली की काम झाले, कोणी कोणाची वाट बघत थांबायचे नाही. फक्त ती गाडी स्टँडवरून पुढे स्टेशनच्या दारापर्यंत गेली पाहिजे. वडखळची कोंडी सकाळी लवकर नसते, हेही पथ्यावर पडते.

संध्याकाळी उलट असते. रेल्वे उशिरा येऊ शकते आणि बसला थांबावे लागते. पण त्यासाठी पुढची फेरी नसलेली गाडी लावली तर? प्रत्येक आगारात वस्तीच्या गाड्या असतात. रात्री गावात मुक्काम करतात आणि पहाटे निघतात. पेण स्टेशनहून अलिबागमार्गे एखाद्या गावी वस्तीला जाणारी फेरी आखली, तर ती चाळीस मिनिटे थांबली तरी शाळेची मुले अडकत नाहीत, कारण तिच्या पाठी दुसरी फेरीच नसते. चालक-वाहकाच्या विश्रांतीला धक्का लागतो, म्हणून थांबायची कमाल मर्यादा लेखी ठरवावी लागेल. गाडी कुठवर आली हे आता मोबाइलवर दिसते, नियंत्रकाने स्टेशन मास्तरला फोन करायचीही गरज उरलेली नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. या दोन फेऱ्या भारमानाच्या हिशेबातून बाहेर काढाव्या लागतील. एसटीला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम मिळावी, बस भरो वा न भरो, आणि रक्कम कापली जावी ती रेल्वे येऊनही बस हजर नसेल तेव्हाच. ही रक्कम महानगर प्रदेशाच्या वाहतुकीच्या पैशातून यावी, कारण अलिबागला महानगरात घेतले ते शासनानेच. तसे झाले तर पेणच्या चुकलेल्या जोडाचा फटका पहिल्यांदाच कोणाच्या तरी हिशेबात दिसेल, जसा तो लाँच कंपनीच्या हिशेबात दिसतो.

याला नेहमीचा प्रतिवाद असतो: त्यापेक्षा रेल्वेच अलिबागला आणा. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचा रूळ आहेच, त्यावर प्रवासी गाडी सोडा ही मागणी जुनी आहे आणि चुकीची नाही. पण थळला गाडी आली तरी स्टेशन अलिबागच्या बाहेरच राहणार. रत्नागिरी, सावंतवाडी, सगळीकडे स्टेशने गावापासून दूर आहेत आणि मधले अंतर रिक्षावाल्यांवर सोडलेले आहे. रूळ आल्याने बसचा प्रश्न मिटत नाही, तो पेणहून उचलून थळला नेला जातो.

रेवस-करंजा पुलाचा विषय ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचा. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने तो हाती घेतला आहे. पूल झाला की अलिबागची बस तिथी न बघता उरण स्टेशनला पोचू शकेल, आणि वडखळ टळेल. पण ती बस कोणाची? पलीकडे नवी मुंबई परिवहन आहे, एसटी अलिबागहून रेवसपर्यंत जाते. पुलावरून कोणी जायचे, कोणाच्या तिकिटावर, सवलत कोणाची, आणि उरण स्टेशनबाहेर बस वळायला आणि उभी राहायला जागा कुठे, हे चार प्रश्न पुलाचे खांब उभे राहत असतानाच सोडवता येतील. स्टेशनसमोर रिक्षा, टपऱ्या आणि पार्किंग एकदा बसले की ती जागा परत मिळत नाही, हे पनवेलकरांना विचारावे.